पोनीचा मागचा पाय अडकतोय, नस कापायची का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मखमलाबादला तुमची 5 वर्षांची पोनी आहे, मागच्या वर्षी येवल्याच्या घोडेबाजारातून आणली, घरची पोरं तिच्यावर बसतात. पावसाळ्यात चिखल म्हणून 3 महिने शेडमध्येच बांधून होती. आता बाहेर काढली की पहिल्या चार-पाच पावलांत डावा मागचा पाय मागच्या मागे ताठ राहतो, टाप जमिनीला घासते आणि मग एकदम झटका मारून पाय सुटतो. वळवताना आणि उतारावर जास्त. गावातल्या दोघांनी सांगितलं की बैलाची कापतात तशी नस कापून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि तुम्ही विचारताय कापायची का.

दादा, आत्ता तरी नाही. मी नाशिकमध्ये 23 वर्षं जनावरांची प्रॅक्टिस करतोय, गाई-म्हशी-बैल जास्त पण टांग्याचे, लग्नाच्या वरातीचे आणि आता पोरांच्या रायडिंगचे घोडे पण बरेच बघितले, आणि तुमच्या घोडीसारख्या दहा केस आल्या तर त्यातल्या बहुतेक नुसत्या चालवण्याने, खुराच्या कामाने आणि खाण्याने सुधारतात. नस कापणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. का ते नीट सांगतो, जरा लांबेल.

घोड्याच्या मागच्या पायाचा खरा गुडघा म्हणजे स्टायफल, तो लोक चुकीच्या जागी शोधतात. मागे जो टोकदार सांधा दिसतो त्याला गुडघा समजतात पण तो हॉक, म्हणजे आपल्या टाचेसारखा. गुडघा त्याच्या बराच वर, मांडी जिथे पोटाच्या कातडीला मिळते तिथे असतो. हात लावला की पुढे आपल्यासारखीच वाटी लागते. त्या वाटीला खाली नडगीच्या हाडाशी बांधणारे तीन लिगामेंट, म्हणजे चिवट पट्टे आहेत, आतला, मधला आणि बाहेरचा. आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या अंगाला एक मोठा फुगीर कंगोरा आहे. घोडं उभ्या उभ्या विसावतं ना, एक मागचा पाय सैल सोडून, तेव्हा दुसऱ्या पायाची वाटी त्या कंगोऱ्यावर चढून आतल्या लिगामेंटच्या फासाने अडकलेली असते, खुंटीला दोरी अडकवावी तशी. त्यामुळे स्नायूंना फार ताकद न लावता पाय ताठ राहतो आणि घोडं उभ्याने डुलकी घेऊ शकतं. म्हणजे अडकणं हा मुळात आजार नाहीच, ती देवाने दिलेली सोय आहे. बिघाड होतो तो सुटण्यात. चालायचं म्हटलं की मांडीच्या पुढच्या स्नायूंनी वाटी किंचित वर उचलून बाहेरच्या अंगाला सरकवली पाहिजे, तरच फास सुटतो. स्नायू ढिले पडलेले असले तर ते उचलणं उशिरा होतं किंवा होतच नाही. आणि घोड्यात गुडघा आणि हॉक एकमेकांशी असे जोडलेले आहेत की एक वाकला तरच दुसरा वाकतो, म्हणून वाटी अडकली की खालपर्यंत सगळा पाय काठीसारखा मागे राहतो, वाकतं ते फक्त खुराच्या वरचं फेटलॉक, आणि टापेचं टोक घासत येतं.

आता बघा, 3 महिने बांधून. स्नायू तिथेच गेले. त्यात पोनी, लहान चणीच्या घोड्यांत हा त्रास मुळातच जास्त, शेटलंडसारख्या जातींत तर नेहमी दिसतो. मागचे पाय बाजूने बघितल्यावर खांबासारखे सरळ असतील तर अजून. झपाट्याने वाढणारं शिंगरू, आजारातून उठून वाळलेलं जनावर, यांच्यातही हेच होतं. तुमची घोडी आणली तेव्हा हा त्रास नव्हता आणि बांधून राहिल्यावर सुरू झाला, हे ऐकूनच मला बरं वाटलं, कारण अशा केस चालवून परत येतात.

पण त्याआधी खात्री करा की दुखणं खरंच वाटीचंच आहे. मागच्या पायाने लंगडणारं घोडं दाखवलं की मी सगळ्यात आधी गुडघा बघतच नाही, मी खूर बघतो. अचानक एका दिवसात पाय टेकवेना झालं तर बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो, खिळा गेलेला असतो नाहीतर नाल ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागाला लागलेला असतो. खूर गरम लागतो, फेटलॉकच्या बाजूने नाडी ठणठण उडते. असं असेल तर बाकी सगळं सोडा, आधी खूर उघडून पू काढायचा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

मग घोडीला कडक सपाट जमिनीवर सरळ रेषेत चालवा, दुडकी चालवा, कुणाला तरी मागून मोबाईलवर शूट करायला सांगा. खुब्याच्या दोन्ही हाडांवर खडूची खूण करा. ज्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो तो बहुतेक दुखरा पाय. वाटीचा साधा त्रास असलेलं घोडं दोन झटके देऊन नंतर बरंच नीट चालतं आणि गुडघ्याला सूज नसते. पुढून वाटीखाली बोटं फिरवून बघा, दुसऱ्या पायाशी तुलना करा, जर तिथे पाण्याच्या पिशवीसारखं मऊ फुगीर लागत असेल किंवा सतत लंगडत असेल, गरम झाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर सांध्याच्या आत काहीतरी आहे, कूर्चेचा तुकडा निघालेला असू शकतो, हाडात पोकळी असू शकते, सांध्यातली गादी किंवा सांध्याच्या आतला लिगामेंट फाटलेला असू शकतो. तिथे एक्स-रे आणि सोनोग्राफीशिवाय अंदाज करू नये. अगदी लहान पोनीत वाटी वर अडकण्याऐवजी बाहेरच्या बाजूला घसरते असंही असतं, ते जन्मापासून असतं, घोडी गुडघे वाकवून बसल्यासारखी उभी राहते, तो वेगळाच आजार.

झटक्यावरून पण गल्लत होते. पाय मागे ताठ राहून मग सुटला तर वाटी. पाय मागे न अडकता दर पावलाला पोटाकडे झपकन वर उचलला जात असेल तर तो स्ट्रिंगहॉल्ट नावाचा वेगळा आजार. पाय पुढे येता येता मध्येच थांबून जमिनीवर थाडकन आपटत असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूत जुन्या जखमेची गाठ.

आणि आपल्याकडचं एक महत्त्वाचं, ते इंग्रजी पुस्तकं वाचून येणाऱ्या मुलांच्या लक्षात राहत नाही. मागचा भाग झोकांड्या खातोय, दोन्ही पाय ओढतेय, उभं राहताना कंबर डोलतेय, तर कुमरी. गाई-म्हशींच्या पोटात राहणाऱ्या एका बारीक जंताची पिल्लं डासांमार्फत घोड्यात येतात आणि मज्जारज्जूत भटकतात, त्याने कंबर जाते. शेजारी गाईंचा गोठा आणि पावसाळ्याचे डास असले की मी कुमरी आधी मनात धरतो. तसाच सर्रा, रक्तातल्या परजीवीचा आजार, घोडमाशांमुळे पसरतो, ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज, डोळे पांढुरके, आणि मागून अशक्त. हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि चार दिवस बांधून भरपूर दाणा खाऊ घातलेलं घोडं कामाला काढल्यावर मागून लाकडासारखं कडक झालं, घाम फुटला, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर ते स्नायूंचं दुखणं आहे, तिथे चालवायचं नाही, जागच्या जागी उभं करून डॉक्टर बोलवायचा. म्हणून म्हणतो की व्हिडिओ बघून "हो वाटीच" असं मी पण ठामपणे लिहिणार नाही, एकदा कुणाचा तरी हात लागला पाहिजे.

हात लागणं म्हणजे काय ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात म्हसरूळकडे एक घोडी बघायला गेलो, पाय मागे लांबवून गव्हाणीसमोर उभी, डोळ्यात भीती, अंग थरथरत होतं. मालक चाबूक घेऊन पुढे ओढत होता. मी म्हटलं चाबूक ठेवा, तिचं डोकं धरा आणि तिला मागे ढकला, पुढे नाही. तो हळूहळू मागे रेटत होता आणि मी खांद्याच्या बाजूने येऊन, पायाच्या रेषेत न उभं राहता, तळहात वाटीवर ठेवून खाली आणि आतल्या बाजूला दाबला. तिसऱ्या पावलाला हाताखाली टक् असं लागलं, आवाज कानाला कमी आणि हाताला जास्त, आणि पाय सुटून पुढे आला. घोडीने मोठा श्वास सोडला आणि गवताला तोंड घातलं. तुमच्याकडे पूर्ण अडकला तर हेच करायचं, बहुतेक वेळा नुसतं मागे रेटलं तरी सुटतो. वाटीला हात मात्र माहितगार माणसानेच लावावा, घोडी घाबरलेली असते आणि सुटता सुटता लाथ बसते. पोरांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका. आणि पाय अडकतोय तोवर तिच्यावर कोणी बसायचं नाही, हे पक्कं, उतारावर पाय अडकला तर घोडी पोरासकट पडेल.

आता चालवणं. सगळ्यात पहिलं, तिला बांधून ठेवणं बंद. शक्य असेल तर दिवसभर कुंपणाच्या मोकळ्या जागेत सोडा. पिछाडी बांधत असाल तर आजपासून काढा, मागचे पाय दोरीने ताणून ठेवल्यावर गुडघ्याला काय विसावा मिळणार. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ 15 ते 20 मिनिटं हातात धरून, सरळ रेषेत, झपझप चालीने. रेंगाळत नाही, तिने पाय उचलून टाकले पाहिजेत. तुमच्याकडे पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता आहे तो उत्तम, कडक आहे पण डांबरासारखा घसरत नाही. गोदावरीच्या पात्रातली खोल वाळू नको, द्राक्षबागेतली काळी चिकट माती नको, तिथे पाय ओढून काढावा लागतो आणि वाटीला ताण बसतो. लहान गोल रिंगणात दोरीवर फिरवणं तर अजिबात नको, लोक व्यायाम म्हणून तेच करतात आणि त्यानेच वाढतं.

दुसऱ्या आठवड्यापासून अर्ध्या तासापर्यंत न्या आणि सौम्य चढ घाला. चामर लेणीच्या पायथ्याकडचा चढ चालेल, चढताना मांडीचे पुढचे स्नायू काम करतात, तेच आपल्याला हवेत. उतरताना नागमोडी, सावकाश. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडकणं कमी झालं असेल तर मध्ये मध्ये एक-दोन मिनिटं दुडकी, सरळ रेषेत. त्यानंतर जमिनीवर चार-पाच बांबू दोन-अडीच फुटांवर आडवे टाकून त्यावरून पायी चालवा, तिच्या पावलाप्रमाणे अंतर जमवून घ्या, पाय उचलायची सवय लागते. मागे चालवणं सुरुवातीला त्रासदायक असतं, ते नंतर, रोज चार-सहा पावलं. ठळक फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि पूर्ण बघायचं तर 3 महिने. लोक 10 दिवसांत हार मानतात. रोज म्हणजे रोज, रविवारी दोन तास आणि बाकी आठवडा बांधून असं केलं तर काहीच होणार नाही.

खुराचं काम याच्या बरोबरीने. टाप घासून घासून पुढचा भाग चौकोनी झाला असेल तर ते बघाच. नालबंदाला सांगा की मागच्या खुरांचा पुढचा भाग लांब ठेवू नको, टोक आखूड कर आणि आतल्या बाजूने थोडं गोलसर घास, म्हणजे पाय त्या बाजूने लवकर उलटतो. टाच फार खाली घेऊ नको. काही जणांना बाहेरच्या टाचेला किंचित उंची दिल्याने फरक पडतो पण ते नालबंद आणि डॉक्टर दोघांनी उभं राहून ठरवायचं, अंदाजाने पाचर लावून दुसराच सांधा बिघडवू नका. दर 5-6 आठवड्यांनी खूर करायचे. नाशिकमध्ये घोड्याचा चांगला नालबंद आता मोजकेच, टांगे गेले तसे ते पण गेले, मिळाला तर त्याला धरून ठेवा.

खाणं. वाळलेली असेल तर भरायची, पण दाण्याने नाही. पोनीला हरभरा, भरडा, वर गूळ असं भरमसाट घातलं तर लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आतल्या थरांना सूज येते, आणि तो या वाटीच्या त्रासापेक्षा शंभरपट वाईट. आधी वजन काढा. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11900. घेर 140 आणि लांबी 130 असेल तर साधारण 214 किलो येतं. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे तिला साधारण 3.2 ते सव्वाचार किलो, त्यातला बहुतेक वाळलेलं गवत आणि चांगला कडबा, थोडी लसूणघास, मिनरल मिक्श्चर आणि मीठ. जंताचं औषध आणि दात तपासून घ्या, दातांना धार आली असली की घोडं चावतच नाही आणि आपण दाणा वाढवत बसतो.

औषधांबद्दल. वाटीच्या साध्या अडकण्याला पेनकिलरचा काही उपयोग नाही कारण ते दुखण्यापेक्षा अडकण्याचं काम आहे. सांधा सुजला असेल तर डॉक्टर देईल ते, पण स्वतःहून फिनाइलब्युटाझोन आणि मेलोक्सिकॅम एकत्र देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. आणि डायक्लोफेनॅक तर कोणाच्याही सांगण्यावरून नको, 2006 पासून जनावरांसाठी बंदी आहे, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झालं. मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडं मरतात म्हणून. आपल्या अंजनेरीच्या कड्यांवर अजून गिधाडं आहेत, ती टिकली पाहिजेत.

बिब्बा लावणं आणि डाग देणं, हे कृपा करून करू नका. बिब्ब्याने कातडी जळते, घोडी आठवडाभर तडफडते, मग ती चालत नाही म्हणून बांधून राहते आणि स्नायू अजून जातात. काही डॉक्टर लिगामेंटच्या आजूबाजूला आयोडीनचं इंजेक्शन देतात, तिथे सूज येऊन तो जाड व्हावा म्हणून. काही घोड्यांत उपयोग झालेला मी बघितलाय पण मी ते चालवण्याचे 3 महिने पूर्ण झाल्याशिवाय करत नाही.

आता नस कापणं. ती नस नाहीच, तो आतला लिगामेंट. बैलात मी शेकड्याने कापलेत, उभ्या जनावरात, जागा बधिर करून, लहान चीर, आणि बैल त्याच पावली नीट चालत जातो. लोकांनी ते बघितलंय म्हणून घोड्याला पण तेच मागतात. घोड्यातही कापल्या क्षणी पाय सुटतो, दिसायला जादू. पण तो लिगामेंट गेला की वाटीवरचा ताण वाकडा होतो, आणि वाटीचं खालचं टोक झिजून त्याचे तुकडे पडू शकतात. मग जे घोडं आधी नुसतं झटका मारायचं ते कायमचं लंगडं होतं. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी मी एक लग्नाची घोडी कापली, आडगाव बाजूची, मागच्या पायांवर उभी राहून नाचणारी. मालकाला 3 महिने आराम सांगितला होता पण मी ते तोंडी सांगितलं, का ते समजावलं नाही, आणि आधी चालवून बघायला हवं होतं तेही बघितलं नाही. लग्नसराई होती, त्याने पंचवीस दिवसांत तिला वरातीत नाचवली. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर वाटीच्या टोकाचा तुकडा सुटलेला. ती घोडी परत नाचली नाही, नीट दुडकीसुद्धा चालली नाही. त्या मालकाची चूक मी त्याच्यावर कधी ढकलली नाही, समजावून सांगणं माझं काम होतं.

आता पर्याय पण आहे. लिगामेंट पूर्ण न कापता त्यात बारीक बारीक उभ्या चिरा द्यायच्या, म्हणजे भरताना तो जाड होतो आणि कंगोऱ्यावर सहज अडकत नाही. 2002 मध्ये हे काम छापून आलं तेव्हापासून घोड्याचे सर्जन बऱ्याच ठिकाणी कापण्याऐवजी हेच करतात. वाटीला धोका बराच कमी. पण हे रोज घोडे बघणाऱ्या सर्जनकडूनच करून घ्यायचं, परळच्या व्हेटरनरी कॉलेजला किंवा पुण्या-मुंबईकडे रेसचे घोडे बघणाऱ्यांना विचारा. आणि त्यानंतरही चालवायचंच आहे, स्नायू कोणी ऑपरेशनने देत नाही. पूर्ण कापायची वेळ फक्त तेव्हाच, जेव्हा पाय कायमचा अडकून बसलाय, रेटून सुटत नाही, दिवसेंदिवस तसाच आहे आणि बाकी सगळं करून झालंय. तेव्हाही आधी एक्स-रे आणि नंतर किमान 3 ते 4 महिने बसणं-पळवणं-नाचवणं बंद.

तुम्ही आता एवढंच करा. या आठवड्यात खूर बघून घ्या, रक्त तपासायला द्या, आणि मागून, बाजूने आणि दोन्हीकडे वळताना असे चार लहान व्हिडिओ काढून तारीख टाकून ठेवा. 4 आठवड्यांनी त्याच जागेवर, त्याच वेळी, म्हणजे सकाळी शेडमधून काढल्या काढल्या परत काढा आणि दोन्ही शेजारी लावून बघा, किती पावलांवर झटका येतो ते मोजा. आत्ता पाच पावलांत तीनदा अडकत असेल आणि तेव्हा एकदाच, तर तसंच पुढे चालू ठेवा. मोजून फरकच नसेल, किंवा गुडघ्यावर सूज आली, किंवा उजवा पाय पण सुरू झाला, तर मला कळवा, मी पोर्टेबल एक्स-रेवाल्याला घेऊन मखमलाबादला येतो.